टाकीला पाठ लावून

भांडं विकत घेण्याआधी त्याला टिचकी मारून कान लावणारा एक माणूस आमच्या घरात आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे. दुकानात लोक बघत राहतात. मुली चार पावलं मागे सरकून ह्या गृहस्थांना आपण ओळखत नाही असा चेहरा करतात. "अहो, पातेलं आहे ते, पेशंट नाही," मी म्हणते. "अगं, तळ पातळ आहे त्याचा," हे म्हणतात, आणि आमची वरात पुढच्या दुकानात जाते.

हे इंजिनियर आहेत, पण पूल-धरणं बांधणारे नव्हेत. दुसऱ्याने बांधलेलं अजून किती टिकेल ते सांगणारे. कारखान्यांतून वाफेच्या, उकळत्या पाण्याच्या मोठमोठ्या बंद टाक्या असतात, सतत दाबाखाली. त्यांचा पत्रा आतून झिजत जातो. हे जाऊन त्याची जाडी मोजतात, आणि ही अजून दोन वर्षं चालेल किंवा ही आजपासून बंद, असं लिहून खाली सही करतात. मोजायचं यंत्र तळहाताएवढं. पत्र्याला आधी जेल लावायची, गरोदरपणी पोटावर लावतात तसलीच, आणि वर यंत्राचं टोक टेकवायचं. आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, आणि यायला लागलेल्या वेळावरून आकडा दिसतो. मला तोंडपाठ आहे हे. दहा वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय?

इकडे परदेशात येऊन दहा वर्षं होत आली होती. थोरली तेव्हा सात वर्षांची होती, धाकटी अंगावर पीत होती. तिकडे मी शाळेत गणित शिकवायचे. इकडे माझ्या पदवीला कुणी हिंग लावून विचारलं नाही, तेव्हा दोन वर्षं एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या, आणि मग शिवणाचं मशीन आणून घरीच बसले. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. एका कंपनीत सलग दहा वर्षं काम केलं की कंपनी पत्र देते, आणि त्या पत्रावर अख्ख्या कुटुंबाला इथे राहायचा कायमचा परवाना मिळतो. मध्येच नोकरी गेली, तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. नऊ वर्षं अकरा महिने झालेले असले तरी.

त्या पत्रासाठी हा माणूस तापातही कामावर गेला. सासूबाई गेल्या तेव्हा आमचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलेले होते, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. ह्यांनी आईला फोनवर शेवटचं पाहिलं, स्वयंपाकघरात उभं राहून, गॅसजवळ रेंज बरी यायची म्हणून. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. मी म्हटलं, एक दिवस तरी घरी राहा. म्हणाले, "राहून काय करू? आई म्हणेल, पोरींचं बघ."

फ्रिजवर आम्ही कॅलेंडर लावलं होतं. रोज सकाळी धाकटी स्टुलावर चढून एका तारखेवर फुली मारायची. त्या रविवारी सकाळी तिने फुली मारली तेव्हा एकोणीस दिवस उरले होते.

आता शपथेचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. हे देवाला हात जोडत नाहीत, राशिभविष्याला हसतात, पण शपथ मोडत नाहीत. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी ह्यांना सिगारेटवरून माझी शपथ घातली. तेव्हापासून एकही ओढली नाही. आठ वर्षांनी, इकडे नोकरी लागल्याचा फोन आला त्या दिवशी, लहान मुलासारखे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "सुटली म्हण ना. एकच ओढतो." खेळात मुलं म्हणतात तसं. घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, हा आमच्या घरातला कायदा. मी म्हटलं नाही. ह्यांनी ओढली नाही.

तर त्या रविवारी दुपारी हे खिडकीशी बसून यंत्र पुसत होते. थोरलीचं प्रॅक्टिकल जवळ आलं होतं. तिने शाळेतून जाडी मोजायचा चिमटा आणला होता आणि घरातलं दिसेल ते त्यात धरत होती. ताट, चमचा, धाकटीचा कान. मग ह्यांचं यंत्र मागून घेतलं आणि कढईवरच्या झाकणाला जेल फासली.

"बाबा, तुमचं यंत्र खोटं बोलतंय," ती म्हणाली. "चिमट्यात एक पूर्णांक दोन, यंत्रात दोन पूर्णांक चार. बरोब्बर दुप्पट."

हे हसले. पोरीने चूक पकडली याचा आनंद ह्यांच्या चेहऱ्यावर मावेना. "खोटं नाही बोलत गं. पत्रा फार पातळ असला ना, की पहिला आवाज इतका पटकन परत येतो की यंत्राला तो सापडतच नाही. मग ते दुसरा पकडतं, दोनदा जाऊन आलेला. म्हणून दुप्पट दाखवतं. हे टोक तर जाड पत्र्याचं आहे, बारीक टोक गेला महिनाभर दुरुस्तीला गेलंय. नवशिके फसतात ह्यात. जिथे पत्रा सगळ्यात पातळ असतो, नेमका तिथेच आकडा छान–"

आणि थांबले. थोरली वाट बघत राहिली. "छान काय, बाबा?" हे उठले, हात पुसायचं फडकं तसंच मुठीत, आणि मागच्या गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेले. हे कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभे होते. तिथेच सांगायला लागले. तीन आठवड्यांपूर्वी मोजलेली एक टाकी, एका लाँड्रीतली. हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी, चाळीस-एक बायका काम करणारी लाँड्री. टाकीवर मोजायच्या जागी नंबर घालून खुणा केलेल्या असतात, वरून खाली. अकरा नंबरला पाच पूर्णांक आठ. बाराला पाच पूर्णांक तीन. तेराला चार पूर्णांक सहा. चार मिलिमीटरच्या खाली गेली की टाकी बंद. आणि चौदा नंबर, सगळ्यात खाली, जिथे गाळ साचतो आणि गंज सगळ्यात जास्त खातो, तिथे पाच पूर्णांक चार.

"मला बरं वाटलं तेव्हा," हे म्हणाले. "बरं वाटलं. कळतंय का तुला? खाली जाता जाता आकडा वाढेल कसा? पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. त्याचं निम्मं कर."

मला निम्मं करायला वेळ लागत नाही. दोन पूर्णांक सात.

"पण तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता. दुसऱ्यांदा का नाही मोजलं?"

"तीन वाजता ठसे द्यायचे होते."

परवान्यासाठी आम्हा चौघांच्या बोटांचे ठसे घ्यायचे होते त्या दिवशी. एकाच वेळी, चौघंही हजर, उशीर झाला तर अर्ज रद्द. मी दोन्ही पोरींना घेऊन त्या कार्यालयाच्या दारात उभी होते आणि ह्यांना फोनवर फोन लावत होते. हे धावत आले होते, शर्टाच्या बाहीला जेल तशीच चिकटलेली, आणि मी बाहीवरून बोलले होते.

"उद्या सकाळी साहेबांना सांगतो," हे म्हणाले.

तेव्हा मी जे केलं ते मी कुणावर ढकलणार नाही. मी विचारलं, सांगितल्यावर काय होईल. हे म्हणाले, खोटा दाखला दिला म्हणून काढतील, नियमच आहे. मी म्हटलं, एकोणीस दिवस आहेत. हातातोंडाशी आलेला घास आहे. "इतकी वर्षं तगलेल्या टाकीला एकोणीस दिवस काय जड आहेत?"

"इतकी वर्षं तगलीय म्हणूनच पातळ झालीय ती."

"मग गुपचूप जाऊन परत मोजा."

"मोजलं की आकडा यंत्रात राहतो, तारखेसकट. आणि कमी निघाला तर काय करू?"

"निनावी फोन करा."

"चौदा नंबर माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

मी आत पाहिलं. थोरली झाकण पुसत होती. तिला आपली लिपी नीट वाचता येत नाही. तिच्या पुढच्या शिक्षणाचा अर्ज गेलेला, वर्गातली पहिली तीन मुलं घेतात त्यात तिचं नाव. धाकटीला तर तिकडचं घर आठवतच नाही. मी ह्यांचा हात दोरीवरून सोडवला आणि म्हटलं, "तुम्हाला मुलींची शपथ आहे. एकोणीस दिवस ब्र काढायचा नाही. कुणाकडेही नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मी कदाचित वठणीवर आले असते. पण हे म्हणाले, "बरं." एवढंच.

सोमवारी हे डबा घेऊन गेले. संध्याकाळी डबा तसाच परत आला. विचारलं तर म्हणाले, भूक नव्हती. मंगळवारी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तर पाठीवर पांढरी भुकटी, दोन खांद्यांच्या मध्ये, हाताएवढा पट्टा. झटकला, धुतला. बुधवारी पुन्हा तिथेच तसाच पट्टा. गुरुवारीही. आणि शर्टाला वास येत होता. ब्लीच, वाफ आणि गरम कापूस. दोन वर्षं तो वास माझ्या केसांतून जात नव्हता, मी तो मेले तरी विसरणार नाही.

मला कळलं होतं. गुरुवारीच कळलं होतं. पण मूग गिळून गप्प बसणं मला त्या आठवड्यात चांगलं जमायला लागलं होतं. शुक्रवारी धाकटीने फुली मारली आणि ओरडली, "चौदा!" हे चहा पीत होते, कप खाली ठेवून बाहेर गेले.

शनिवारी ह्यांना सुट्टी असते. ह्यांनी डबा मागितला. "एक छोटं काम आहे," म्हणाले. ह्या माणसाला खोटं बोलताना चपला सापडत नाहीत, उजवा पाय डाव्या चपलेत घालत होते. ते गेल्यावर मी मशीनवर बसले, एक बाही उलटी शिवली, उसवली, पुन्हा उलटी शिवली. मग पर्स उचलली आणि त्या लाँड्रीकडे जाणारी बस पकडली.

लाँड्रीत दोन पाळ्यांच्या मधली सुट्टी चालली होती. लांबलचक खोली, छताला वाफेचे पाइप, टेबलांवर पांढऱ्या चादरींचे ढीग. मुकादमबाई, उंच, चष्मा कपाळावर चढवलेली, हिशोबाच्या वहीसारखी पाटी काखेत धरून उभी होती. मी ह्यांचं वर्णन सांगितलं. ती हसली. "टाकीवाले? रोज येतात. सकाळी कामाआधी आणि दुपारी जेवायला. फार सभ्य माणूस. आमचं विश्रांतीचं बाकडं टाकीजवळ होतं, ते त्यांनीच ओढून पार तिकडे नेलं. म्हणाले, इथे उकडतं तुम्हाला." बाकड्यावर आठ-दहा बायका बसल्या होत्या, पाय चोळत. त्यातली एक पोटुशी होती, सातवा-आठवा असेल.

टाकी खोलीच्या मागच्या अंगाला होती, उभी, दोन पुरुष उंच, पत्र्याच्या आवरणात गुंडाळलेली. आवरण एका जागी फाटलं होतं आणि उष्णता अडवणारा आतला पांढरा, भुकटी झडणारा कापूस बाहेर आला होता. हे उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले होते, पाठ बरोबर त्या फाटक्या जागी टेकलेली. डबा मांडीवर, झाकण लावलेला. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. मग दिसलं की हे ऐकताहेत.

"इथे काय करताय?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे उघडले आणि दचकलेही नाहीत. "बसलोय."

"फुटली म्हणजे?"

"म्हणूनच बसलोय." डबा खाली ठेवत म्हणाले, "सांगता येत नाही. निदान बसता तरी येतं. ह्या बायका इथे असताना मी घरी कसा जेवू?"

मला संतापच आला. "दिवसातले दोन तास इथे बसून टाकी वाचणार आहे का? बाकीचे बावीस तास काय?"

"त्या बावीस तासांचं मला विचारू नकोस," हे म्हणाले. आवाज फुटला होता ह्यांचा. माझ्या नवऱ्याला मी सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. "बॉयलरवाल्याला सांगून दाब थोडा कमी करायला लावलाय. काहीतरी थाप मारली. पण काल हे नव्हतं."

ह्यांनी पाय बाजूला घेतला. खोक्याखाली ह्यांचा रुमाल पसरलेला होता, ओलाचिंब. बाजूला दुसरा, तोही ओला. टाकीच्या तळाशी आवरणाच्या शिवणीतून पाण्याचा थेंब येत होता, सावकाश. एक पडला. मी मनात मोजायला लागले आणि सातावर दुसरा पडला.

"तिला घाम फुटलाय," हे म्हणाले. "तेरा दिवस राहिलेत. सुटली म्हण."

ह्या माणसाने सहा दिवस एक शब्द काढला नव्हता. कारण मी म्हटलं नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, आणि मी गॅलरीत उभी राहून टाकलेल्या एका वाक्याला बांधला गेला होता, कारण त्यात त्याच्या पोरींचं नाव होतं. मला पोरी आठवल्या. परवाना आठवला. खरं सांगते, तेव्हासुद्धा आठवला. मग पलीकडे ती पोटुशी बाई हसली कशालातरी.

"सुटली," मी म्हटलं.

हे ताडकन उठले, पाय बधिर झालेले, भिंतीला धरत मुकादमबाईकडे गेले. तिला सांगायला लागले की टाकी ताबडतोब बंद करा, वाफ सोडा, सगळ्यांना बाहेर काढा. पण घाबरले की ह्यांची इकडची भाषा पळून जाते. शब्द उलटसुलट येत होते, मधूनच आपले येत होते. तिने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. काचेच्या आत ह्यांचाच दाखला लावलेला होता, ह्यांच्याच सहीचा. अजून दोन वर्षं चालेल. "साहेब, सोमवारी सकाळी तीन हॉस्पिटलांचा माल जायचाय," ती म्हणाली. "तुम्हाला बरं नाहीये का? पाणी देऊ?"

हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. थेंबाचं, आकड्याचं, निम्म्याचं. ती मान हलवत होती, आजारी माणसापुढे हलवतात तशी.

मग मी पुढे झाले. दोन वर्षं अशाच बायकांच्यात काढली होती, मला इकडची भाषा बोलता येत होती. तिचा दंड धरला आणि ओरडले, "ह्यांना सहा दिवसांपासून माहीत आहे! सहा दिवस! टाकी फुटणार आहे हे माहीत आहे म्हणून हा माणूस रोज तिच्याजवळ येऊन बसतोय! कळतंय का तुम्हाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं. मग काखेतली पाटी टाकून ती धावली आणि लाल बटणावर हात मारला.

वाफ सोडल्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला म्हणतात. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, बायका ॲप्रनमध्ये, डोक्याला जाळ्या. काळ आला होता पण वेळ आली नव्हती. कुणाला ओरखडाही नाही. दोन दिवसांनी पत्रा कापला, तेव्हा चौदा नंबरला दोन पूर्णांक सहा भरला. कापणारा कारागीर म्हणाला, हा आठवडा काही निघाला नसता.

चूक माफ झाली असती. हे मला नंतर कळलं, ह्यांच्या मोठ्या साहेबांकडूनच. फोन आला तेव्हा हे बाहेर होते, मी घेतला. बिचारा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, असा दुप्पट आकडा एकदा माझ्याकडूनही लिहिला गेला होता. स्वतः येऊन सांगितलं असतं तर ताकीद देऊन सोडलं असतं, पत्रही दिलं असतं. मी म्हटलं, पण नियम? म्हणाला, नियम जाणूनबुजून खोटा दाखला देणाऱ्यासाठी आहे. चूक वेगळी. "पण बाई, सहा दिवस माहीत असून गप्प बसणं, त्याला मी काय करू? मुकादमबाईने लेखी दिलंय. तुम्हीच सांगितलंत ना तिला?"

हो. मीच सांगितलं. गप्पही मीच बसवलं आणि सांगितलंही मीच. ज्या गोष्टीच्या भीतीने एकोणीस दिवस थांबायला लावलं, ती कधी होणारच नव्हती. रविवारी शपथ घातली नसती, सोमवारी ह्यांना साहेबांकडे जाऊ दिलं असतं, तर आज आमच्याकडे परवाना असता.

नोकरी गेली. आठ दिवसांत कार्यालयाचं पत्र आलं, अर्ज नामंजूर, साठ दिवस. आज बत्तिसावा.

लाँड्रीतल्या बायका घरी आल्या होत्या. त्या पोटुशीने मला मिठी मारली, तिचं पोट मध्ये येत होतं तरी. मोठं कार्ड आणलं होतं, एक्केचाळीस सह्यांचं, वर माझं नाव. थोरलीने ते फ्रिजवर लावलं, कॅलेंडर काढून त्या जागी. "आई, तू होतीस म्हणून," ती म्हणाली. ती माझ्या मागेमागे असते हल्ली. बापाशी बोलत नाही.

एकदाच बोलली. हे खोक्यांना दोरी बांधत होते. "बाबा, तिथे एक्केचाळीस बायका होत्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही सहा दिवस गप्प बसलात. एका कागदासाठी. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, की सही म्हणजे शब्द?" हे म्हणाले, "हो, चुकलंच माझं." आणि गाठ मारत राहिले. तेव्हापासून ती ताट घेऊन आतल्या खोलीत जेवते. भांड्यांच्या दुकानात चार पावलं मागे सरकायची तेव्हा हसत तरी असायची.

परवा कागदांची आवराआवर करताना ह्यांनी कंपनीला दिलेल्या जबाबाची प्रत माझ्या हाती लागली. इकडच्या भाषेत, ह्यांच्या अक्षरात, एकही शब्द उलटसुलट नाही. 'चूक लक्षात आल्यावर मी सहा दिवस ती लपवली. हा निर्णय सर्वस्वी माझा होता. मला कुणीही गप्प राहायला सांगितलं नाही. माझ्या पत्नीला मी शनिवारी सकाळी पहिल्यांदा सांगितलं आणि तिने त्याच क्षणी येऊन काम थांबवायला लावलं.' खाली सही. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात जाणूनबुजून सही केलेला हा एवढाच खोटा रिपोर्ट.

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. हे ओट्याशी उभे होते, सोबत न्यायची भांडी निवडत, एकेका भांड्याला टिचकी मारून. पण कान लावत नव्हते.

"मी थोरलीला सांगते," मी म्हटलं. "आत्ता सांगते. तिला कळू दे कुणी गप्प बसवलं ते."

"नको."

"ती तुमच्याकडे बघत नाही, अहो! मला नाही बघवत."

ह्यांनी पातेलं खाली ठेवलं. "तिकडे जाऊन सगळं पहिल्यापासून उभं करायचंय," हे म्हणाले. "नवी शाळा, नवी लिपी, सगळं. पोरींना धरायला एक खांब तरी शाबूत लागेल. दोन्ही पाडून काय मिळवणार तू?"

"मग मला पाडा!"

"तू पडलेली नाहीस. तुझ्यावर वजन आलंय, आता हलू नकोस." आणि मी दाराकडे वळले तेव्हा मागून म्हणाले, अगदी हळू, "तुला माझी शपथ आहे. पोरींना सांगायचं नाही."

मी तिथेच थांबले. आतल्या खोलीतून चमच्याचा आवाज येत होता, थोरली एकटी जेवत होती.

त्याला आज तीन दिवस झाले. तुम्हाला सांगितलं, कारण शपथ पोरींपुरती आहे. रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना मी ह्यांच्या तोंडाकडे बघते. अजून हे 'सुटली' म्हणालेले नाहीत.